अदालत रोडच्या वकील मॅडम: लेकरू इथं अन् बाप परदेशात अशा केससाठी (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगतो, ऑफिसचं नाव टाकत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार काउन्सिलच्या नियमानं बंदी आहे, मॅडम स्वतःच म्हणल्या की लिहायचंच असेल तर कामाबद्दल लिहा, माझ्या नावाचा बोर्ड लावू नका. संभाजीनगरला अदालत रोडवर, जुन्या बिल्डिंगीत दुसरा मजला, एवढं पुरे. ज्याच्यावर वेळ आलीय तो शोधून काढतोच.

वेळ कोणावर येते तर ज्यांची लेक, सून, भाऊ अमेरिकेला नाहीतर जर्मनी-दुबईला आहे, नवराबायकोचं फाटलंय आणि लेकरू एका देशात अन् मायबापातलं एक जण दुसऱ्या देशात अशी गत झालीय. आमच्या लातूरला पूर्वी असली केस पेपरात वाचायला मिळायची, आता गल्लीत आहे. लातूर पॅटर्नमधून शिकून पोरं सगळी तिकडं गेली, मग भांडणं पण तिकडूनच येणार की.

आमचं थोडक्यात असं. ताई आणि दाजी टेक्सासला, डलासच्या जवळ. भाची तिथंच जन्मली म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा आणि इकडचं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. ताई दिवाळीला लातूरला आली ती परत गेलीच नाही. का गेली नाही हा इथं लिहायचा विषय नाही, दोघांचंही आपापलं खरं आहे. दाजींनी तिकडच्या कोर्टात केस टाकली, कोर्टानं लेकराला परत आणा म्हणून ऑर्डर काढली, ती ईमेलवर येऊन पडली आणि त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

पहिल्यांदा गावातच एका वकिलाकडं गेलो. त्यांनी ऑर्डर हातात घेतली, वाचली नाही, टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणले, हा तिकडचा कागद आपल्याकडं चालत नाही, भारत त्या लेकरं परत पाठवायच्या हेग करारात नाहीच, निवांत ऱ्हावा, उद्याच चारशे अठ्ठ्याण्णव, म्हणजे बायकोच्या छळाचं फौजदारी कलम, ठोकू, पावणा विमानतळावर उतरला की उचलायचा, आणि तोपर्यंत पोरीचा अन् बापाचा फोन बंद करून टाका, लेकरू हळूहळू विसरतं. आई लई खूश झाली. ताईनं त्याच रात्री दाजींचा नंबर ब्लॉक केला. मला मात्र तो पालथा ठेवलेला कागद डोक्यातून जाईना, मग कंपनीतल्या एका मित्राच्या ओळखीनं मॅडमकडं गेलो.

पहिल्या बैठकीचे २००० घेतात आणि पावती देतात, वकिलाच्या ऑफिसात पावती हा प्रकार मी तरी पहिल्यांदाच बघितला. आम्ही समोर बसलेलो असताना मॅडमनी ती ऑर्डर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मधे एकदा चहा आला तो तसाच गार झाला. मग मला आणि आईला बाहेर बसवलं आणि ताईशी एकटीशी बोलल्या, बराच वेळ. नंतर कळलं की विचारलं होतं, मारहाण झालीय का, तिकडं पोलिसांना कधी फोन केला का, दवाखान्याचे कागद आहेत का, पोरीसमोर काही घडलं का. म्हणल्या, असं काही असेल तर केसचं तोंडच बदलतं आणि ते आत्ताच बाहेर यायला पाहिजे, कोर्ट ते बघतंच. ताई म्हणली तसं नाही, भांडणं होती, अबोला होता, हात कधी उचलला नाही. मग मॅडमनी चारशे अठ्ठ्याण्णवचा विषय तिथंच मिटवला. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय हे पण सांगितलं, आणि जे घडलं नाही ते लिहून द्यायला मी बसलेली नाही हे पण. आईचं तोंड उतरलं पण ताई मला जरा हलकी वाटली.

आता कायद्याचं जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो, वकील मंडळींनी सांभाळून घ्यावं. हेग करार १९८० चा. त्याचं म्हणणं एवढंच की लेकरू ज्या देशात नेहमी राहतं तिथून एका पालकानं परस्पर हलवलं तर आधी त्याला परत पाठवा, ठेवायचं कोणाकडं ते तिथलं कोर्ट बघेल. भारतानं त्यावर सही केलेली नाही हे खरं. लॉ कमिशननं २००९ ला सही करा म्हणून सांगितलं, २०१६ ला परत रिपोर्ट दिला, बिलाचे मसुदे झाले, न्यायमूर्ती राजेश बिंदल यांची कमिटी बसली, तिचा पण रिपोर्ट २०१८ ला आला, आणि आपण आहोत तिथंच. अडतंय त्याचं एक मोठं कारण म्हणजे परदेशात छळ सोसून लेकरू काखेत मारून माहेरी आलेल्या बायका, त्यांना लेकरापायी परत त्याच घरात ढकलल्यासारखं होईल.

पण करार नाही म्हणजे आपण सुटलो असं समजणाऱ्यानं सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचावेत. २०१७ च्या नित्या आनंद राघवन केसमध्ये कोर्ट म्हणलं की परदेशी कोर्टाची ऑर्डर ही विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक गोष्ट, सगळ्यात वर लेकराचं हित. गावातल्या वकिलानं बहुतेक एवढंच ऐकलं होतं. २०२० ला यशिता साहू केस झाली, त्यात आई पोरीला घेऊन राजस्थानात आली होती, सुप्रीम कोर्टानं पोरीला अमेरिकेला परत न्यायला सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी आणि २०२२ ला पण अमेरिकेच्याच केसमध्ये लेकरं परत गेली. आणि नेहमी आईच आणते असं काही नाही, १९८६ ला बापानं मिशिगनमधून पोरगं पुण्याला आणलं होतं, सुप्रीम कोर्टानं त्याला आईबरोबर परत पाठवलं. उलट १९९७ ला पुण्याचाच संबंध असलेल्या दुसऱ्या केसमध्ये पोरगं इकडं कितीतरी वर्षं वाढलेलं, शाळेत रुळलेलं, तर आईकडंच ठेवलं. म्हणजे दोन्हीकडचे निकाल आहेत, आणि लेकरू इथं किती रुळलंय, समोरचा किती लवकर कोर्टात आला, यावर पारडं हलतं. मॅडमनी हे सगळं सांगून सरळ म्हणलं, जिंकून देते असं मी बोलणार नाही, जो बोलेल त्याच्याकडून लिहून घ्या.

वरून अमेरिकेत १९९३ चा एक फौजदारी कायदा आहे, दुसऱ्या पालकाचा हक्क मोडण्यासाठी लेकरू देशाबाहेर नेलं किंवा बाहेर अडकवून ठेवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे इथं जिंकलात तरी ताईनं तिकडं पाय ठेवायचा का नाही हा प्रश्न जन्मभर लटकलेला. हे आम्हाला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

एवढं झाल्यावर मॅडमनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहूलालोय. म्हणल्या, पोरगी बापाशी शेवटचं कधी बोलली? सगळे गप. नंबर ब्लॉक. मॅडम म्हणल्या, कोर्टाच्या ऑर्डरची वाट बघू नका, आज संध्याकाळी घरी पोचल्यावर कॉल लावा, हायकोर्टात जज पहिली गोष्ट हीच विचारतील. त्याच २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं लिहून ठेवलंय की नुसती भेट पुरेशी नाही, लांब असलेल्या मायबापाला फोनवर, व्हिडिओवर लेकराशी बोलता आलं पाहिजे, रोज पाच-दहा मिनिटं तरी. आणि हा हक्क दाजींच्या आधी पोरीचा आहे. पोटगी थकली म्हणून भेट बंद किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद, अशी अदलाबदल पण चालत नाही म्हणल्या. बाकीचे वकील कलमं विकतात, या बाईंनी आम्हाला भेटीगाठीचा कागद करून दिला, माझ्या मते असल्या केसमध्ये खरी सर्व्हिस तीच.

पहिला कॉल झाला तो तर विचारूच नका. पोरगी कॅमेऱ्यात तोंड घालून हलणारा दात दाखवूलाली, दाजी तिकडं बघून हसूलालेत आणि डोळे पुसूलालेत, आणि मागून आई सारखी, "कामून गप बसूलालीस, सांग की मामानं सायकल घेतली म्हणून, सांग की इथंच करमतंय म्हणून." पोरीनं आजीकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि फोन माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत निघून गेली. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत एक ओळ लिहून घेतली, ती ओळ पुढं कागदात आली: कॉल चालू असताना खोलीत पोरीशिवाय दुसरं कोणी नको आणि काय बोलायचं ते शिकवायचं नाही. आईनं ते ऐकून दोन दिवस अबोला धरला, माझ्याच घरात मी बाहेर बसू का म्हणून.

व्हायचं तेच झालं, दाजींनी भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून खंडपीठात हेबियस कॉर्पस टाकलं. लातूरची मंडळी म्हणजे संभाजीनगरचं खंडपीठ. हेबियस कॉर्पस म्हणजे माणूस बेकायदा डांबून ठेवलाय, कोर्टापुढं हजर करा, पोरीसाठी तिच्याच आईविरुद्ध हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. नोटीस घेऊन कॉन्स्टेबल दारात आला तेव्हा शेजारीपाजारी गॅलरीत. मॅडमनी आधीच सांगितलेलं असल्यामुळं आम्ही घाबरलो नाही, निदान ताई तरी नाही. कॉलची यादी तयार होती, तारीखवार, शाळेचे कागद तयार होते. कोर्टानं मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थापुढं बसून समजुतीनं मिटवायला पाठवलं, दाजी आधी स्क्रीनवर आणि नंतर स्वतः आले.

आता कागदाचं. तिकडच्या वकिलानं टेक्सासच्या ठरलेल्या नमुन्यावरून मसुदा पाठवला होता. तिथं नियमच छापील आहे, महिन्याचा पहिला, तिसरा, पाचवा शुक्रवार बापाकडं, आणि घरं १०० मैलांहून लांब असतील तर उन्हाळ्यात ४२ दिवस. १०० मैल म्हणजे त्यांच्या दृष्टीनं लांब! आणि त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते. मॅडमनी शाळेचं कॅलेंडर मागवलं आणि मे आणि जूनचे पहिले दिवस धरून जुळवाजुळव केली. लातूरच्या मे महिन्यात दाजी येऊन राहणार म्हणजे बेचाळीस दिवस आणि बेचाळीस डिग्री, असं मी म्हणलं तर मेडिएशनवाले साहेब पण हसले.

सगळ्यात वेळ गेला तो एका ओळीवर. टाइपिस्टनं लिहिलं होतं, "दर शनिवारी व रविवारी सायंकाळी ७.३० वाजता व्हिडिओ कॉल." मॅडमनी त्याच्यावर हिरव्या पेननं गोल केला. कोणाचे साडेसात? आपण डलासच्या हिवाळ्यात साडेअकरा तास पुढं असतो आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढं सरकली की साडेदहा, नोव्हेंबरला परत साडेअकरा. कागदात लिहिलेलं नसलं तर वर्षातून दोनदा कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा फोन लावणार, समोरचा उचलणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस की भेट नाकारली. मग ओळ अशी झाली की वेळ भारतीय, साडेसात, बारा महिने तीच, म्हणजे पोरीचं जेवण-झोप हलायची नाही, घड्याळाचा त्रास मोठ्यांनी सोसायचा. दाजींना हिवाळ्यात सकाळचे ८ आणि उन्हाळ्यात ९ वाजतात. त्याच्याखाली लाईटचं कलम, हे मला लई आवडलं. लाईट गेली किंवा नेट गेलं तर मेसेज टाकायचा, राहिलेला कॉल दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याला भेट नाकारली असं म्हणायचं नाही. टेक्सासच्या वकिलाला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागला.

बाकी पण बारीक बारीक. दाजी येणार तर तिकिटाची कॉपी महिनाभर आधी. पहिल्या काही भेटी दिवसाच्या, मग मुक्कामाच्या. न्यायचं-आणायचं कोणी, कुठून, किती वाजता, हे एसटीच्या टाइमटेबलसारखं लिहिलेलं. वाढदिवस, दिवाळी, आजारी पडली तर कोणी कोणाला कळवायचं. पासपोर्टचं कलम तर माझ्या डोक्यात आलंच नसतं. अमेरिकेचा १६ वर्षांखालचा पासपोर्ट ५ वर्षंच चालतो आणि नव्यासाठी दोन्ही पालकांची संमती लागते, एकानं सही अडवून धरली की पोरीचं सगळंच अडतं. म्हणून सही किती दिवसांत द्यायची ते लिहिलं, आणि पासपोर्ट कोणाकडं राहणार ते पण.

शेवटी मिरर ऑर्डर. म्हणजे इथं जे ठरलं तेच तिकडच्या कोर्टात पण तसंच्या तसं मंजूर करून घ्यायचं, नाहीतर पोरगी सुट्टीला तिकडं गेली आणि परत पाठवलीच नाही तर इथला कागद तिथं दाखवून काही होत नाही. मॅडमनी हे पण पक्कं कुलूप नाही असं बजावलं. २०२० ला केनियाच्या एका केसमध्ये मिरर ऑर्डरच्या भरवशावर सुप्रीम कोर्टानं पोरगं बापाकडं दिलं होतं, पुढं बापानं अटी पाळल्या नाहीत आणि २०२१ ला कोर्टाला स्वतःचाच आदेश मागं घ्यावा लागला. म्हणून आमच्यात असं ठरलं की आधी तिकडची ऑर्डर हातात, तिकडची केस मिटल्याचा कागद हातात, मगच पोरीचं तिकीट. तोपर्यंत दाजींनीच यायचं. ते येतात. मागच्या खेपेला पोरीला घेऊन उदगीरचा किल्ला दाखवून आले, ताईनं डबा दिला होता, आता यातून कोणी काही अर्थ काढू नका, डबा पोरीचा होता.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर पेड रिव्ह्यू वाटेल.

लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेले, दोन मजले चढून वर गेली की बाई पहिले दहा मिनिटं बोलायच्या लायकीची राहत नाही, आणि तेव्हाच ज्युनिअर येऊन सह्या मागतो. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच. व्हॉट्सअॅपला उत्तर येतं पण रात्री ११ ला, ते पण "बघते" एवढंच. टाइपिस्टचं मराठी असं की आमच्या शपथपत्रात "सदरहू अर्जदार हिची सदरहू मुलगी सदरहू शाळेत" असं वाक्य होतं आणि एका जागी पोरीचं वय चुकलं, ते ताईनं पकडलं म्हणून बरं. फी टप्प्याटप्प्यानं लिहून देतात हे चांगलं, पण भेटीच्या कागदाचे मसुदे वाढले तसे वेगळे पैसे लागले, हे सुरवातीला ठळक सांगायला पाहिजे होतं. तिकडच्या मिरर ऑर्डरला तिथला वकील वेगळा करावा लागतो आणि तो डॉलरमध्ये घेतो, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पार्किंगचं अदालत रोडवर कोणाचंच भलं होत नाही, तो काही मॅडमचा दोष नाही.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपतच नाही त्यांच्यासाठी: बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १५१०० ला फोन करा. हे पण मला मॅडमच्याच ऑफिसात भिंतीवर दिसलं, स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडं पाठवणारा बोर्ड.

तुम्ही आमच्यासारखे इकडच्या बाजूचे नसाल, लेकरू गेलेल्या बाजूचे असाल, तरी जा. फक्त परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून आणा आणि महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याची स्टॅम्प ड्युटी भरा, दाजींच्या भावाचं तिथंच अडलं होतं आणि एक तारीख त्यातच गेली.

जाताना परदेशातली ऑर्डर अख्खी न्या, नुसतं शेवटचं पान नको. लेकराचे दोन्हीकडचे शाळेचे कागद, पासपोर्टची झेरॉक्स, ओसीआय, लसीची वही, आणि बापाचे-आईचे मेसेज आहेत तसे, मधले डिलीट न करता. दिवसा मॅडम हायकोर्टात असतात, संध्याकाळी साडेपाचनंतर फोनच्या नादी न लागता सरळ जिना चढा. सोबत म्हातारं माणूस असेल तर खालच्या झेरॉक्सवाल्याकडं खुर्ची मागा, तो देतो.